बॉम्ब सोसलेला कुत्रा कुकरच्या शिट्टीला का भितो?

तुमच्या प्रश्नातील हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर ती तुम्हाला लगेच दिसेल. तुमचे थोरले बंधू वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनमधील खार्कीव्हला गेले आणि तेथेच संसाराला लागले. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाचा हल्ला सुरू झाला, तेव्हा ते, वहिनी, दोन मुले आणि बुब्लिक नावाचा मध्यम चणीचा, मिश्र जातीचा कुत्रा असे सगळे आठवडाभर भुयारी रेल्वेच्या स्थानकात राहिले, तेथून खच्चून भरलेल्या गाडीने ल्विव्हला आणि पुढे सीमा ओलांडून पोलंडमध्ये गेले. तीन वर्षे तेथे काढून हे कुटुंब चार महिन्यांपूर्वी सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात तुमच्या घरी आले. त्या सगळ्या धावपळीत बुब्लिक एकदाही भुंकला नाही, स्थानकात तो मुलांच्या पायांवर पडून राहायचा आणि त्याच्यामुळेच मुलांना झोप लागायची, असे सारे घर सांगते. आता मात्र नऊ वर्षांचा झालेला तोच कुत्रा कुकरच्या शिट्टीला थरथरतो, दिवसभर पलंगाखालून बाहेर येत नाही, रात्री निजानीज झाल्यावरच खातो, आणि परवा दारावरून वरात गेली तेव्हा फटाक्यांनी त्याची घरातच लघवी झाली. तुम्ही विचारता की बॉम्ब सोसलेला कुत्रा शिट्टीला का भितो, आणि मोहोळजवळच्या तुमच्या शेतावर, जेथे आवाज नाही आणि सांभाळायला सालगडी आहे, तेथे त्याला ठेवावे का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तुम्ही येत्या रविवारीच त्याला घेऊन जायचे ठरवले आहे. नेऊ नका. त्याला शांतता हवी आहे हे तुमचे निदान अर्धे बरोबर आहे, पण माणसांशिवायची शांतता ही या कुत्र्यासाठी आजवरच्या कशाहीपेक्षा मोठी आपत्ती ठरण्याची शक्यता आहे. असे का म्हणतो, ते पुढे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी बुब्लिकला पाहिलेले नाही, आणि कुत्रा न तपासता त्याच्या मनाबद्दल बोलणे धोक्याचे असते. सोलापुरात तीस वर्षांहून अधिक काळ जनावरांवर उपचार करताना मी एक शिस्त स्वतःला लावून घेतली आहे, ती म्हणजे मनाचे दुखणे हे निदान शरीर तपासून झाल्यावरच करायचे. परदेशातून आलेला कुत्रा चार महिन्यांत मलूल झाला, खाईनासा झाला आणि कोपरा धरून बसू लागला, तर माझ्या डोक्यात युद्धाच्या आधी गोचीड येते. आपल्याकडची तपकिरी गोचीड केवळ रानात नसते, ती घरात, भिंतीच्या भेगांत आणि कुत्र्याच्या अंथरुणातही सुखाने राहते, आणि तिच्यातून होणारे एर्लिकिया व बबेसिया हे दोन आजार कधी कधी फारसा ताप न दाखवताच कुत्र्याला आतून पोखरतात. त्यामुळे उद्याच रक्ताची स्लाइड आणि प्लेटलेटची तपासणी करून घ्या. दुसरी तपासणी कंबर, खुबे आणि गुडघ्यांची. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी 2018 मध्ये आवाजाला भिणाऱ्या 20 कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांचे सांधे किंवा स्नायू दुखत होते त्यांच्यात ही भीती इतरांपेक्षा उशिराच्या वयात सुरू झाल्याचे दिसले. दचकल्यावर अंग आखडते, आखडलेले अंग दुखते, आणि कुत्रा तो दुखावा आवाजाच्या नावावर जमा करतो. बुब्लिकचे वय पाहता हे अगदी संभवते, आणि तसे असेल तर वेदनेच्या उपचारानेच त्याची निम्मी भीती उतरू शकते.

आता शरीरात काही सापडले नाही, किंवा सापडून त्याचा उपचार सुरू झाला, असे धरून पुढे लिहितो.

तुमच्या घरचे लोक ज्याला बुब्लिकचा धीर म्हणतात, त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत असे मला वाटते. तुम्ही सहज जाता जाता लिहिले आहे की पहिले दोन दिवस त्याने पाण्याखेरीज काही घेतले नाही आणि पहिल्या दिवशी तर रात्रीपर्यंत लघवीही केली नाही. हे धीराचे लक्षण नव्हे. भ्यालेला प्राणी पळतो, पळता आले नाही तर अंगावर येतो, आणि तेही शक्य नसेल तर गोठतो. गोठलेला कुत्रा बाहेरून फार शहाणा दिसतो. तो भुंकत नाही, ओढत नाही, सांगाल तेथे बसतो. माझ्या दवाखान्यातही टेबलावर पुतळ्यासारख्या उभ्या राहणाऱ्या कुत्र्याचे कौतुक होते आणि ओरडणाऱ्याला रागावले जाते, पण सुई टोचताना मला खरी काळजी त्या पुतळ्याचीच असते. तेव्हा स्थानकातील पहिले दोन दिवस बुब्लिक बहुधा गोठलेला होता.

पण तिसऱ्या दिवसापासून तो मुलांच्या ताटातले खाऊ लागला, फलाटावर पट्ट्याने फिरू लागला, इतर कुत्र्यांना हुंगू लागला, हेही तुम्हीच लिहिले आहे. ही मात्र खरीखुरी उभारी आहे, आणि ती कोठून आली हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी 1998 मध्ये 51 कुत्री आणि त्यांचे मालक यांच्यावर एक चाचणी केली. तान्ह्या मुलांचा आईशी असलेला बंध तपासण्यासाठी जी पद्धत वापरतात, तीच त्यांनी कुत्र्यांना लावली. अनोळखी खोलीत मालक सोबत असताना कुत्री हिंडली, खेळली. मालक बाहेर गेल्यावर दाराशी जाऊन बसली. म्हणजे कुत्र्याला नवी जागा सोसते की नाही हे जागेपेक्षा सोबतीवर अवलंबून असते. खार्कीव्हच्या स्थानकात बुब्लिकची भिंत, छप्पर, वाटी, गल्ली सगळे गेले होते, पण चारही माणसे चोवीस तास हाताच्या अंतरावर होती. रेल्वेत तो वहिनींच्या मांडीवर होता. पोलंडमध्ये एका खोलीच्या घरात सगळे एकत्र होते.

हे मला पुस्तकातून पटण्याच्या कितीतरी आधी ऊसतोडीच्या टोळ्यांनी शिकवले होते. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आपल्या जिल्ह्यात बैलगाड्या येतात आणि बहुतेक गाड्यांसोबत एखादे कुत्रे असते, ते गाडीखाली, सावलीच्या चौकोनात, बैलांच्या चालीने चालत येते. शेकडो किलोमीटरचा प्रवास, दर काही दिवसांनी नवा फड, नवी कोपी, कारखान्याचा भोंगा, रात्रभर ट्रॅक्टरची ये-जा. शहरातल्या एखाद्या लाडक्या कुत्र्याला आठ दिवसांत वेड लागेल असे हे जिणे, पण मी तपासलेली ती कुत्री सहसा अवसान सांभाळून असतात. कारण त्यांचे घर म्हणजे ती गाडी, ते बैल आणि ती माणसे. मुक्काम पडला की प्रथम बैल सुटतात, मग चूल पेटते, मग भाकरीचा तुकडा येतो. हा क्रम कोणत्याही फडात बदलत नाही. उलट उदाहरण मी किल्लारीला पाहिले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलो होतो आणि जनावरांच्या उपचारांसाठी तिकडे गेलो होतो. ज्या कुत्र्यांची माणसे वाचली होती ती तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन आठवड्यांत पुन्हा खाऊ-पिऊ, भुंकू लागली होती. ज्यांची माणसे गेली ती ढिगाऱ्यावरून हलत नव्हती, आणि त्यांना अन्न नेऊन दिले तरी ते तसेच राही.

आता तुमच्या घराकडे या दृष्टीने पाहा. भाऊ नोकरीसाठी आठवड्याचे पाच दिवस पुण्याला असतात. मुले सकाळी शाळेत जातात आणि तेथून शिकवणीला. वहिनी भाषा शिकायला व कागदपत्रांच्या कामांना बाहेर पडतात. म्हणजे युद्ध सुरू झाल्यापासून बुब्लिक प्रथमच, आणि तोही शांततेच्या काळात, दिवसातले पाच-सहा तास आपल्या माणसांशिवाय आहे. तुम्ही आणि आई त्याच्यावर माया करता यात शंका नाही, परंतु चार महिन्यांचा परिचय हा त्याच्या लेखी अजून पाहुण्यांचा परिचय आहे. त्यात सोलापूरचे ऊन, दारापुढची मोकाट कुत्री, अनोळखी वास. बॉम्ब त्याने ज्या आधारावर सोसले तोच आधार आता दिवसा जागेवर नसतो, म्हणून शिट्टीही सोसत नाही. शेतावर नेल्यास आवाज जातील, पण उरलेला आधारही जाईल.

आवाजाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण "आवाज कमी करा" हा सल्ला जेवढा सरसकट दिला जातो तेवढा तो खरा नाही. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खटखटीत निवांत झोपणारी कुत्री मी रोज पाहतो. माणसाला सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत, म्हणजे माग त्यांना आपल्यापेक्षा जास्तच बोचत असणार. तरीही ती झोपतात, कारण मागाचा पुढचा ठोका कधी पडणार हे त्यांना ठाऊक असते. कुकरच्या शिट्टीचे तसे नसते. आधी सूं-सूं असा चढत जाणारा आवाज, मग एकाएकी किंकाळी. हवाई हल्ल्याचा भोंगाही चढत जातो आणि त्यानंतर काहीतरी कोसळते. बुब्लिकच्या मनात हीच जोडणी झाली आहे असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण झाली असल्यास नवल नाही.

येथे माझी एक जुनी चूक सांगतो. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत दिवाळीत घाबरणाऱ्या कुत्र्यांना मी केवळ गुंगीचे औषध देत असे. कुत्रा हातपाय सोडून पडून राही, मालक खूश होत, मीही खूश होई. पुढच्या वर्षी तेच कुत्रे अधिक घाबरलेले घेऊन येत. फार उशिरा लक्षात आले की त्या औषधाने अंग लुळे पडत होते, भीती मात्र जागीच होती, किंबहुना पळायचीही सोय न उरल्याने ती वाढत होती. त्याच काळात मी लोकांना असेही सांगत असे की घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, त्याने त्याची भीती पक्की होते. हेही चूक होते. भीती ही काही बक्षिसासाठी केलेली युक्ती नव्हे. बुब्लिक तुमच्याकडे आला तर त्याला खुशाल कुशीत घ्या. फक्त पलंगाखालून ओढून काढू नका.

ओढून काढू नका यामागे आणखी एक कारण आहे. 1967 च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर विजेच्या धक्क्यांचे प्रयोग केले होते. ते आज वाचताना अंगावर काटा येतो. धक्का थांबवणे ज्यांच्या हातात नव्हते ती कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही पडून राहिली, आणि त्याला तेव्हा शिकलेली असहायता असे नाव पडले. त्याच दोघांनी 2016 मध्ये आपला निष्कर्ष उलटा केला: असहाय पडून राहणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे, शिकावे लागते ते "माझ्या करण्याने काही बदलते" हे. मला व्यवहारात ही दुसरी मांडणी फार उपयोगी पडते. युक्रेनच्या चेर्नीहीव्हमधील पात्रोन हा सुरुंग हुडकणारा छोटा कुत्रा तुम्ही बातम्यांत पाहिला असेल, त्याला मे 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी पदक दिले. लोक त्याला शूर म्हणतात. माझ्या दृष्टीने त्याची जमेची बाजू अशी की त्याच्यापुढे काम आहे: हुंगले, सापडले, चीजचा तुकडा मिळाला. त्याच्या करण्याने काहीतरी घडते. बुब्लिकलाही दिवसातून चार वेळा तरी असे काही घडवता आले पाहिजे.

म्हणून सुरुवात हुंगण्यापासून करा. पहाटे साडेपाचला, रस्ता तापण्याआधी आणि गल्लीतली कुत्री आळसावलेली असताना, मुलांपैकी एकाने त्याला लांब पट्ट्यावर बाहेर न्यावे आणि कोणत्या बाजूला जायचे ते त्याला ठरवू द्यावे. दहा मिनिटे एकाच खांबापाशी थांबला तरी ओढू नये. उन्हाळ्यात नऊनंतर बाहेर काढूच नका. डांबरावर आपला तळहात काही क्षण टेकवून पाहा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. घरात जेवणाचा काही भाग जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून शोधायला द्या. पलंगाखालची जागा ही त्याचीच समजा, तेथे पाणी ठेवा, आणि मुलांनाही सांगा की तो तेथे असताना हात घालायचा नाही.

कुकरचे काम सावकाश करायचे आहे आणि त्यात क्रम चुकला तर सगळे उलटते, म्हणून नीट लिहितो. पहिले दोन आठवडे त्याच्या कानावर खरी शिट्टी पडू देऊ नका. तो फिरायला गेलेला असताना कुकर लावा किंवा डाळ पातेल्यात शिजवा. या काळात शिट्टीचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून तो इतका हळू वाजवा की बुब्लिकचा फक्त कान हलेल, बाकी काही नाही. आवाज झाला की लगेच उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा. आधी आवाज, मग तुकडा. तुकडा आधी दाखवलात तर काही दिवसांत तो तुकड्यालाच भिऊ लागेल, आणि हे मी प्रत्यक्ष घडलेले पाहिले आहे. एका वेळी पाच-सहा वेळा पुरे, दिवसातून दोनदा. आवाज ऐकून तो स्वतःहून तुमच्या हाताकडे पाहू लागला की मगच आवाज किंचित वाढवा. तो तुकडा घेईनासा झाला तर तुम्ही घाई केली आहे, एक पायरी खाली या. यास सहा आठवडे लागतील की सहा महिने, हे त्याच्यावर अवलंबून आहे.

माणसे बाहेर जाण्याचाही सराव हवा. सध्या ती सगळी एकाच तासात निघून जातात. काही दिवस वहिनींनी केवळ पिशवी उचलून दाराबाहेर जायचे आणि मिनिटभरात परत यायचे, मग पाच मिनिटांनी, मग दहा. याच काळात तुमची आई त्याला रोज एकाच वेळी, एकाच जागी खाऊ घालेल तर पाहुण्यापासून घरच्यापर्यंतचे अंतर लवकर कापले जाईल. वहिनींबद्दल थोडे भीतभीतच लिहितो. स्वीडनमध्ये 2019 साली 58 कुत्री व त्यांच्या मालकिणींच्या केसांतील ताणाच्या संप्रेरकाचे मोजमाप झाले आणि दीर्घकाळचा ताण दोघांत जोडीने चढउतार करतो असे आढळले. स्वतःचे शहर, आईवडील आणि भाषा मागे ठेवून आलेल्या बाईला "कुत्र्यासाठी तरी शांत राहा" असे सांगणे क्रूरपणाचे होईल. माझे म्हणणे एवढेच की त्यांना मदत मिळाली तर त्याचा फायदा बुब्लिकलाही होईल.

दिवाळी आणि त्यानंतर जानेवारीत सोलापुरातील गड्ड्याच्या यात्रेतले शोभेचे दारूकाम, या दोन्हींपर्यंत वरचा सराव पुरा होईल असे मला वाटत नाही, म्हणून तेव्हा औषध लागेल. आजच्या औषधांत भीतीच कमी करणारी औषधे आहेत, पण त्यांची मात्रा वजन, यकृत आणि सोबतच्या औषधांवर ठरते, म्हणून येथे नावे लिहीत नाही आणि घरातल्या कोणाची झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका अशी हात जोडून विनंती करतो. फटाक्याच्या दिवसाआधी किमान एकदा, शांत दिवशी, ती मात्रा देऊन पाहावी लागते. रोज घ्यायचे औषध लागले तर त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात, तेव्हा ऐन वसुबारसेला येऊ नका. फटाक्यांच्या संध्याकाळी त्याला आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या बंद करा आणि कूलर चालू ठेवा. त्याची एकसुरी घरघर बाहेरचे धमाके बऱ्यापैकी झाकते. गळपट्ट्यावर फोन नंबर असू द्या. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी हरवलेल्या कुत्र्यांचे जितके फोन मला येतात तितके वर्षभरात येत नाहीत.

शेतावर जायचेच असेल तर सगळ्यांनी मिळून सुट्टीच्या दिवशी जा आणि त्याला घेऊनच परत या. दिवाळीचे चार दिवस तर सारे कुटुंबच तेथे राहिले तर उत्तम.

एक राहिले. तुम्ही लिहिले आहे की तो आला तेव्हा त्याच्यासाठी नवी सोलापुरी चादर अंथरली आणि खार्कीव्हहून आलेले त्याचे फाटके, मळके पांघरूण माळ्यावर टाकले. ते धुतलेले नसेल तर फार बरे झाले, त्याच्या ओळखीचा वास त्यात अजून असेल. आजच खाली काढा, उन्हात झटकून त्यात गोचीड नाही याची खात्री करा, साबण लावू नका, आणि पलंगाखाली, नव्या चादरीच्या वर घाला.